ओढ्यापलीकडे

माझ्या दादाला घरात कधी काही सापडायचं नाही. चष्मा डोक्यावर चढवलेला असायचा आणि हा अख्खं घर पालथं घालत फिरायचा. कप टेबलाच्या काठावर ठेवू नकोस, हे आई होती तोवर आईने सांगितलं, मग वहिनीने सांगायला घेतलं. कप फुटायचे ते फुटतच राहिले. डास मारायला उठला तर डास बाजूला आणि चापट स्वतःच्याच गालावर. बाबा म्हणायचे, "याच्या हातात पहिलं धनुष्य कोणी दिलं, त्याला शोधून काढा."

ते बाबांनीच दिलं होतं. लहानपणी, वेताचं.

रानात मात्र तो वेगळाच माणूस असायचा. मी एकदाच त्याच्यासोबत गेले, तेही हट्टाने. पहाटेपासून आम्ही एका झुडपाआड बसलो होतो. माझ्या पायाला मुंग्या आल्या, नाक खाजायला लागलं, पाठीत कळ आली. हा माझ्या शेजारी दगडासारखा. मग समोरच्या झाडीतून एक हरणी पुढे आली. इतकी जवळ, की तिच्या ओल्या नाकपुड्या हलताना दिसत होत्या. दादाने बाण दोरीला लावला होता, पण दोरी ओढलीच नाही. हरणी चरत चरत निघून गेली.

"का नाही सोडलास?" मी विचारलं.

"तिच्यामागे पिल्लू होतं."

"मला नाही दिसलं."

"मलाही नाही दिसलं. ती सारखी मागे बघत होती." मग तो उठला, गुडघे झटकले आणि म्हणाला, "आणि खरं सांगू का, तुझा श्वास एवढा जोरात चालला होता की बिचारी चौकशीला आली असावी."

दादा कातारी होता. घराच्या तळमजल्यावर त्याचं वर्कशॉप. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, पलंगाचे खांब, असं सगळं गोल लाकूडकाम तो लेथवर कातून द्यायचा. पोटापाण्याचं काम ते. उरलेल्या वेळात धनुष्यं. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसाने एकावर एक चिकटवायच्या, शिकंज्यात दाबून ठेवायच्या, मग पटाशी आणि काचेच्या तुकड्याने खरवडत, वाकवून बघत, पुन्हा खरवडत बसायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकेपर्यंत त्याचं समाधान व्हायचं नाही. आमच्याकडे अजून परवान्यावर शिकार करता येते; तिचा मोसम सुरू झाला की परवाना काढायचा आणि सुट्टीच्या दिवशी रानात. बंदूक घेऊन जाणाऱ्यांची तो थट्टा करायचा. "लांबूनच मारायचं तर एवढं चालत जायचं कशाला? गच्चीवरून मारा."

त्याच्याबरोबर नेहमी पेंटर असायचा. दुकानांच्या पाट्या रंगवणारा हा माणूस. त्याची बायकोसुद्धा त्याला पेंटरच म्हणते. नेमबाजीत तो दादाच्या पासंगालाही पुरत नव्हता, आणि याचं त्याला जराही वाईट वाटायचं नाही. "मी डबा खायला जातो," असं तो उघड सांगायचा. दोघं वेगवेगळ्या ठिकाणी बसायचे आणि दुपारी एका सपाट खडकावर भेटायचे. असं कितीतरी वर्षं चाललं होतं.

त्या शेवटच्या वेळी पेंटरची दाढ सुजली. रानात जायच्या आदल्या दिवशी ती काढावी लागली, गाल भोपळ्यासारखा झाला, ताप आला. दादा त्याला बघून आला आणि दुसऱ्या दिवशी एकटाच निघाला. यात विशेष काही नव्हतं. एकटा तो आधीही गेला होता.

वहिनी शाळेची बस चालवते. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून ती अंगणात बसचे आरसे पुसत होती. दादाने धनुष्य गाडीत ठेवलं आणि म्हणाला, "संध्याकाळी येतो. भांडी राहू दे, मी आल्यावर घासतो."

"नको," वहिनी म्हणाली. "तेवढेच कप उरलेत."

तो हसला आणि गेला. एवढंच. वहिनीला पुढे कित्येकांनी विचारलं, जाताना काही बोलला का, चेहरा कसा होता, काही मनात होतं का. ती प्रत्येकाला कपांचं सांगायची आणि लोक गोंधळायचे.

संध्याकाळी तो आला नाही. रात्रीही आला नाही. फोन लावून उपयोग नव्हता, कारण फोन तो नेहमी गाडीत ठेवून जायचा. सकाळी वहिनी आणि मी रानाच्या नाक्यावर गेलो. गाडी तिथेच होती, नीट लावलेली, काचांवर दव साचलेलं. नाक्यावरच्या गार्डने बोनेटवर हात ठेवून बघितला. का ठेवला देव जाणे. त्यालाही काय करावं ते सुचत नसणार.

मग शोध सुरू झाला. रानखात्याची माणसं आली, पोलीस आले, धनुर्विद्येच्या क्लबातली दादाची मित्रमंडळी आली. सुजलेल्या गालाला मफलर गुंडाळून पेंटर आला. दादा कुठे बसतो, कुठून जातो, पाणी कुठे पितो, हे सगळं त्याला पाठ होतं. त्याने एकेक जागा दाखवली. सगळ्यांनी ती बाजू अक्षरशः विंचरून काढली. हाका मारून मारून माणसांचे घसे बसले. बाबांचे गुडघे कामातून गेलेले, त्यांना वर चढणं शक्य नव्हतं. ते नाक्यावर एका प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहायचे आणि वरून कोणी उतरलं की उठून उभे राहायचे. नुसत्या चेहऱ्यावरून त्यांना कळायचं. मग परत बसायचे.

शेवटी तो सापडला तो भलतीकडेच. ओढ्याच्या पलीकडे, जिकडे तो कधी जायचा नाही. तिकडे जनावरं नसतात, नुसती उंच झाडं आणि खाली गच्च सावली. तोच नाक्यावरचा गार्ड फेरी मारून परतत होता आणि त्याला दिसला. दादा एका झाडाच्या बुंध्याला टेकून बसला होता. जाकीट काढून, घडी करून शेजारी ठेवलेलं. बाण सगळेच्या सगळे भात्यात. बाटलीत पाणी. डब्यातलं खाल्लेलं, डबा परत लावून ठेवलेला. आणि धनुष्याची दोरी उतरवून, तिचं वेटोळं करून वरच्या खिशात.

ही दोरीची गोष्ट पेंटरने दोनदा विचारून घेतली. "दोरी तो गाडीजवळ आल्यावर उतरवायचा," तो म्हणाला. "रानात कधीच नाही. दोरी उतरवली म्हणजे पारध संपली. तिथे बसून का संपवली त्याने?"

अंगावर जखम नव्हती. दंश नव्हता. झटापटीची खूण नव्हती, आजूबाजूचं गवतसुद्धा तुडवलेलं नव्हतं. कोणी म्हणालं, थंडीने माणूस भ्रमिष्ट होतो आणि अंगावरचे कपडे काढतो. पण ते दिवस थंडीचे नव्हते, आणि भ्रमिष्ट माणूस जाकिटाची घडी करत नाही.

मी आमच्या गावच्या इस्पितळात एक्स-रे काढते. तेच माझं काम. लोकांना म्हणायचं, श्वास रोखा, हलू नका, सोडा श्वास. दादाला तिथेच आणलं. डॉक्टरांना बघायचं होतं, अंगात कुठे काही रुतलंय का, कुठलं हाड मोडलंय का. माझ्या सिनियर बाईंनी मला सांगितलं, "तू आज घरी जा, मी करते." मी गेले नाही. काचेच्या मागे उभी राहिले. बाईंनी दर वेळी बटण दाबण्याआधी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं. श्वास रोखा म्हणायचं कोणाला?

पडद्यावर एकेक फोटो येत गेला. गळ्याजवळचं ते हाड मी लगेच ओळखलं. लहानपणी भिंतीवरून पडला होता, तेव्हा मोडलेलं आणि जरा वाकडं जुळलेलं. उजव्या खांद्याजवळचं हाड डाव्यापेक्षा जाड झालेलं, इतकी वर्षं दोरी ओढून ओढून. डाव्या अंगठ्यात पटाशी घुसली होती, तिथली खूणही होती. त्याचं सगळं आयुष्य त्या फोटोंमध्ये दिसत होतं. तो कशाने मेला, तेवढंच दिसत नव्हतं.

"हृदय?" मी डॉक्टरांना नंतर विचारलं.

"चांगलं होतं," ते म्हणाले. "तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं."

"मेंदू?"

"काही नाही. रक्त, पोटातलं अन्न, सगळं बाहेर तपासायला पाठवलं होतं. कशातच काही नाही." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी तुला फसवणार नाही. मला कळलेलं नाही. असं होतं कधी कधी. फार कमी वेळा, पण होतं."

कागदावरही त्यांनी तेच लिहिलं. कारण समजू शकले नाही.

माणूस गेला की लोक हळहळतात आणि आपापल्या कामाला लागतात. पण कारण कळलं नाही की लोक कामाला लागत नाहीत. दळणाच्या रांगेत, दाढीच्या खुर्चीत, बसच्या थांब्यावर, जिथे तिथे दादाच्या मरणाचा उलगडा होऊ लागला. कोणी म्हणे चोरून लाकूड तोडणाऱ्यांनी विष दिलं. कोणी म्हणे विषारी फळ खाल्लं. कोणी आवाज खाली आणून म्हणे, घरात काही भांडण वगैरे? एका बाईने तर वहिनीला तोंडावर विचारलं. वहिनीने बसची चावी मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, "हो, कपांवरून," आणि चालू लागली.

बाबा रोज पोलीस ठाण्यात जायचे. तिथले साहेब भले होते. पहिल्यांदा त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, सगळं समजावून सांगितलं. मग नुसती खुर्ची दिली. मग एक दिवस बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, तुम्ही येता ते मला आवडतं. पण सांगायला माझ्याकडे काही नाही. कोणावर संशय नाही, कसला पुरावा नाही. मी काय करू, तुम्हीच सांगा." बाबांना तरी काय सांगता येणार? ते घरी आले आणि वर्कशॉपमध्ये जाऊन लेथच्या शेजारी बसले. शिकंज्यात अर्धवट राहिलेलं एक धनुष्य होतं. सरस केव्हाच वाळला होता. पण ते सोडवायला कोणी हात लावला नाही.

वर्ष उलटल्यावर क्लबवाल्यांनी आठवणींचा कार्यक्रम ठेवला. गावाबाहेर त्यांचं मैदान आहे, टोकाला गवताच्या पेंढ्यांची लक्ष्यं लावलेली. मैदानालगतच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, दादाचा मोठा फोटो होता. आम्ही तिघं पुढे बसलो. एकेक जण उठून बोलू लागला, आणि ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की हे ज्याच्याबद्दल बोलतायत त्या माणसाला मी ओळखत नाही. एकाने सांगितलं, त्याचा बाण कधी चुकलाच नाही. दुसऱ्याने सांगितलं, काळोखात नुसत्या आवाजावर त्याने रानडुक्कर टिपलं होतं. टाळ्या पडल्या. वहिनी मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

तेवढ्यात मागून पेंटर उठला. त्याचं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं; आपल्याला जमणार नाही, असं त्यानेच कळवलं होतं.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. "काळोखात त्याने कधी बाण सोडला नाही. आणि चुकायचा. एकदा त्याचा नेम चुकला तेव्हा मी बरोबर होतो."

सगळे वळून बघायला लागले. पेंटर पुढे आला नाही, तिथूनच बोलत राहिला.

"सांबर होतं. बाण सोडला आणि त्याच क्षणी ते वळलं. पोटात लागला. पळालं. दुपार होती. आम्ही मागावर निघालो. आधी रक्त मिळत होतं, मग तेही मिळेना. मी म्हटलं, सोड आता, पाय मोडले माझे. तो ऐकेना. वाकून वाकून एकेक पान बघत होता. म्हणाला, ते तिकडे पोट फाटून पडलंय आणि मी घरी जाऊन जेवू? अंधार पडला तेव्हा त्याने मला घरी पाठवलं आणि स्वतः शेवटच्या खुणेपाशी बसून राहिला. उजाडल्यावर परत लागला शोधायला. सापडलं त्याला. जिवंत होतं अजून. त्याने काम संपवलं आणि नंतर ओकला. मग पुढचा सबंध मोसम रानात गेला नाही. असा होता तो. काळोखात डुक्कर मारणारा नव्हता."

तो खाली बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाबा उभे राहिले, खुर्चीची पाठ धरून मागे वळले आणि पेंटरला म्हणाले, "एका जनावरासाठी तो रात्रभर बसला. त्याच्यासाठी कोण बसलं होतं? तू का नव्हतास?"

"बाबा," मी म्हटलं.

"काका, माझी दाढ..." पेंटर म्हणाला आणि थांबला. हे सांगताना ते किती क्षुल्लक वाटतं, हे त्यालाच ऐकू आलं असावं. तो उठून बाहेर गेला. वहिनी त्याच्यामागे गेली. मी खिडकीतून पाहिलं, ती दोघं सायकलींच्या शेडखाली उभी होती. तिने फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा होता.

घरी येताना बाबा गाडीत म्हणाले, "मला ती जागा बघायची आहे."

"तुमचे गुडघे..." वहिनी म्हणाली.

"गुडघे माझे आहेत, मी बघतो काय करायचं ते. तू नेणार आहेस की नाही तेवढं सांग."

वहिनीने गार्डला विचारलं. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग म्हणाला, ओढ्यापर्यंत रानखात्याची जीप जाते, पुढे थोडंच चालायचंय. सुट्टीचा दिवस ठरला. जायच्या सकाळी दार वाजलं. पेंटर उभा होता. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "एका बाजूला माझी काठी आहे, दुसऱ्या बाजूला तू लाग." पेंटरने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला.

ओढ्याला पाणी घोट्याएवढंच होतं. गार्ड पुढे, मागे पेंटर आणि बाबा, मग आम्ही दोघी. पलीकडे गेल्यावर एकदम गार वाटलं. झाडं उंच, बुंधे सरळ, खाली पाला. पक्षीसुद्धा फार नव्हते. गार्ड एका झाडापाशी थांबला. इतर झाडांसारखंच एक झाड. त्याने सांगितलं नसतं तर आम्ही तिथून सरळ पुढे गेलो असतो.

"हेच?" बाबांनी विचारलं.

"हेच, काका."

बाबांनी काठी पेंटरकडे दिली आणि बुंध्याला धरत धरत खाली बसले. पाठ टेकली. पाय लांब केले. "असाच?"

"हो. तोंड इकडे होतं, थोडं डावीकडे."

बाबा थोडे डावीकडे वळले आणि समोर बघू लागले. आम्ही उभेच होतो. वहिनी त्यांच्याजवळ उकिडवी बसली आणि तिनेही त्याच दिशेला पाहिलं. मीही पाहिलं. झाडं होती. झाडांमागे झाडं होती. वर्षभर मला वाटत होतं, इथे आलं की काहीतरी दिसेल. निदान काहीतरी जाणवेल. काही जाणवलं नाही. डोळ्यांसमोर चिलटं घोंघावत होती, आणि मला घरी जावंसं वाटत होतं.

पेंटर मात्र शोधत होता. झाडाभोवती वाकून गोल फिरत होता, फेरी पूर्ण झाली की जरा लांबून दुसरी फेरी. दादाने त्याला तसंच शिकवलं होतं. वर्ष लोटलेल्या जागी, अख्ख्या पावसाळ्याने धुतलेल्या पाल्यात तो खुणा बघत होता. एकदा त्याने काहीतरी उचललं, निरखलं, आणि टाकून दिलं.

"तुला काय वाटतं?" बाबांनी गार्डला विचारलं. "तू रोज इथे असतोस. काय झालं असेल?"

गार्डने टोपी काढून हातात घेतली. "मला माहीत नाही, काका."

"माहीत कोणालाच नाही. वाटतं काय, ते विचारतोय."

"मी खूप विचार केला. आधी मी या बाजूला फेरीला येणंच टाळायचो. मग मुद्दाम यायला लागलो. बसून पाहिलं, तुम्ही बसलात तसंच. काही कळत नाही."

"काहीतरी सांग," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली आला होता, की गार्डला वाकावं लागलं. "डॉक्टर म्हणतो कळत नाही, पोलीस म्हणतो कळत नाही. मी म्हातारा माणूस आहे. असं काहीच हातात न घेता मी किती दिवस बसू? तू त्याला पहिल्यांदा बघितलंस. काहीतरी सांग. खोटं सांगितलंस तरी चालेल."

गार्डने माझ्याकडे पाहिलं. मी नजर पाल्याकडे वळवली. मग तो बाबांसमोर खाली बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"झोपेत गेले ते," तो म्हणाला. "चालून दमले असणार. जाकीट काढलं, दोरी उतरवली, जरा टेकले. डोळा लागला. तसेच गेले, काका. मी आलो तेव्हा झोपल्यासारखेच होते. डोळे मिटलेले. मला आधी वाटलं, हाक मारली तर उठतील."

बाबांनी मान हलवली. पुन्हा हलवली. "झोपेत," ते म्हणाले.

"हो."

"त्याला लहानपणी कुठेही झोप लागायची. जेवताना लागायची." मग त्यांनी हात वर केला आणि पेंटरला हाक मारली, "चल रे, उठव मला."

मला माहीत होतं की दादाचे डोळे उघडे होते. ज्या दिवशी त्याला आणलं, त्या दिवशी याच गार्डने इस्पितळाच्या व्हरांड्यात मला सांगितलं होतं. त्याला कोणाला तरी सांगायचं होतं. डोळे सताड उघडे होते आणि तो समोर बघत होता, म्हणाला. भेदरलेला नाही, दुखत असल्यासारखाही नाही, काहीतरी येण्याची वाट बघत असल्यासारखा. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय झालं असतं?

परत येताना ओढ्यात गार्ड माझ्याजवळ आला. "ताई, मी चूक केली का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. आणि खरंच माहीत नव्हतं.

त्यानंतर बाबा पोलीस ठाण्यात गेले नाहीत. सकाळी फिरायला जाऊ लागले. कोणी भेटलं की सांगायचे, "झोपेत गेला माझा मुलगा. दमला होता, टेकला, गेला. असं मरण कोणाला मिळतं?" लोकांनाही ते आवडलं. दळणाच्या रांगेतले उलगडे हळूहळू बंद झाले. बाबा नीट जेवू लागले, रात्री घोरू लागले. एक दिवस त्यांनी शिकंजा सैल करून ते अर्धवट धनुष्य पेंटरला देऊन टाकलं. पेंटरला धनुष्य करता येत नाही. तरी त्याने ते दोन्ही हातांवर आडवं धरून नेलं, आणि नंतर कळलं की रानात जाणं त्याने कायमचं सोडलंय. आता तो सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे येतो आणि बाबांसोबत पत्ते खेळतो. मुद्दाम हरतो. बाबांना ते कळतं आणि ते चिडतात.

वहिनी मात्र आटत चालली होती. बाबा कोणाला झोपेचं सांगू लागले की ती उठून आत जायची. मला वाटायचं, तिला तो विषयच सहन होत नाही.

एका दुपारी तिने मला शाळेपाशी बोलावलं. माझी ड्यूटी संपली होती. फाटकाबाहेर बस उभी होती, शाळा सुटायला वेळ होता. मी चढले आणि तिच्या मागच्या सीटवर बसले. सगळी बस रिकामी, खडूचा आणि जुन्या रेक्झिनचा वास. ती स्टिअरिंगवर हात ठेवून पुढच्या काचेतून बघत होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार."

"तो झोपला की त्याचे डोळे कधी पूर्ण मिटायचे नाहीत. अर्धे उघडे राहायचे. लग्न झालं तेव्हा मला भीती वाटायची त्याची. हे बाबांना ठाऊक नाही, गार्डला कुठून असणार?" ती वळली नाही. "तो म्हणाला, डोळे मिटलेले होते. म्हणजे झोप नव्हती ती. किंवा मग गार्ड खोटं बोलला. तू पाहिलंस तुझ्या दादाला. सांग."

मी आरशात तिचा चेहरा पाहिला. फक्त कपाळ आणि डोळे दिसत होते.

"गार्ड खोटं बोलला," मी म्हटलं. "बाबांसाठी. डोळे उघडे होते."

"अर्धे?"

"नाही. पूर्ण."

तिने मान हलवली. "म्हणजे जागा होता."

"हो."

"घाबरला होता का?"

"गार्ड म्हणाला, नाही. काहीतरी येण्याची वाट बघत असल्यासारखा होता."

"कशाची?"

"मला माहीत नाही, वहिनी."

मला वाटलं ती रडेल, पण रडली नाही. एकदा तिने ओठ उघडले, मग मिटले. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण सीटची पाठ मध्ये होती, आणि तो ठेवूनही काय होणार होतं ते मला समजेना.

"बाबांना सांगायचं नाही," ती म्हणाली.

"नाही."

शाळेची घंटा झाली. फाटक उघडलं आणि मुलं ओरडत, एकमेकांना ढकलत बसकडे धावत सुटली. वहिनीने दार उघडण्याचा दांडा खेचला, घसा साफ केला आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "एकेक जण चढा. धक्काबुक्की नको." मला उतरायला जागाच मिळेना. मी तशीच मागे बसून राहिले, मांडीवर कोणाचं तरी दप्तर घेऊन, आणि बस निघाली.